लाळेची कसोटी

एखाद्या गोष्टीला ‘हरताळ फासणं’ म्हणजे ती पार पुसून टाकणं. हा वाक्प्रचार पोथ्या लिहिणाऱ्यांच्या बैठकीतून आला. कागदावर चुकीचं अक्षर उमटलं की त्यावर हरताळाचा पिवळा लेप देत आणि लेप वाळला की त्याच जागी बरोबर अक्षर लिहीत. हरताळ म्हणजे आर्सेनिक आणि गंधक यांचं खनिज, जातिवंत विष. पोथीला कसर लागू नये म्हणूनही त्याचा उपयोग होई. हाच पिवळा लाखेत मळून कातारी लाकडी खेळण्यांवरही चढवत.

ब्रिटिश अमलात इथल्या कारागिरीच्या ज्या नोंदी झाल्या, त्यांत लाखकामाच्या रंगांची नावं सापडतात. पिवळ्यासाठी हरताळ, लालसाठी हिंगूळ, पांढऱ्यासाठी सफेदा. हिंगुळात पारा असतो, सफेद्यात शिसं. देवाला लावायचा शेंदूर हाही शिशाचाच. या ओळीत नीळ, हळद आणि लाखेच्या किड्यापासून मिळणारा अळत्याचा तांबडा हे निरुपद्रवी सोबतीही होते, हे खरं. पण ‘पूर्वी सगळं नैसर्गिक होतं, म्हणून मुलं सुरक्षित होती’ असं आज जे सहज म्हटलं जातं, त्याला हिंगूळ-हरताळाची ही जोडी पुरेसं उत्तर आहे. खनिज जमिनीतून निघतं म्हणून ते बाळाच्या पोटाला मानवतं असं नाही. खुळखुळा हातात आला की बाळ तो आधी तोंडात घालतं. वाजवणं नंतर येतं.

कारागिराला हवा असतो उठावदार आणि टिकाऊ रंग, बाळाला हवं असतं चोखायला काहीतरी. या दोन गरजांमध्ये कोणी तिसऱ्याने उभं राहून रंगाची तपासणी करावी, ही कल्पना जगात फार उशिरा आली. ती आधी युरोपात आली, कारण विषारी रंगांचा सुकाळही आधी तिथेच झाला.

१७७५ मध्ये कार्ल विल्हेल्म शेले या स्वीडनमधल्या रसायनशास्त्रज्ञाने तांबं आणि आर्सेनिक यांच्या संयोगातून एक लखलखीत हिरवा रंग तयार केला. पुढे १८१४ च्या सुमारास त्याचाच अधिक तेजस्वी भाऊ जर्मनीतल्या श्वाइनफुर्ट इथे निघाला. युरोप या हिरव्यावर लुब्ध झाला. भिंतींचे कागद, मेणबत्त्या, कापडी फुलं, मिठायांची वेष्टनं, लाकडी झाडं आणि पक्षी, सगळं हिरवं झालं. नोव्हेंबर १८६१ मध्ये लंडनमध्ये मटिल्डा शुरर नावाची एकोणीस वर्षांची मुलगी वारली. कृत्रिम पानांवर हिरवी पूड भुरभुरवणं हे तिचं काम होतं. शेवटच्या दिवसांत तिच्या डोळ्यांचा पांढरा भाग आणि नखं हिरवी पडली होती आणि समोरचं सगळं आपल्याला हिरवं दिसतं, असं ती म्हणत होती. त्या पानांचे गुच्छ केसांत माळणाऱ्या बायका पुढे धास्तावल्या, वर्तमानपत्रांत लेख आले. पण जीव गेला तो रंगवणारीचा. पुढचा बराचसा इतिहास या वाटेनेच गेला आहे. रंग आधी कामगाराला बाधतो, त्याची नोंद व्हायला वर्षं जातात आणि मग तोच रंग मुलाच्या हातातून काढून घेतला जातो.

दरम्यान रंगांची दुनियाच पालटली. १८५६ मध्ये अठरा वर्षांचा विल्यम हेन्री पर्किन क्विनीन बनवायला निघाला आणि त्याच्या भांड्यात जांभळा रंग निघाला. तो डांबरातून मिळणाऱ्या ॲनिलीनपासून झाला होता. तीनच वर्षांत फ्रान्समध्ये ल्योंच्या फ्रांस्वा-एमान्युएल व्हेर्ग्वँने ॲनिलीनपासूनच झगझगीत गुलाबी-तांबडा ‘फुक्सिन’ काढला. १८५९ च्या माजेंटाच्या लढाईवरून इंग्रजांनी त्याला ‘मॅजेंटा’ म्हटलं. हा रंग स्वस्त पडावा म्हणून कारखाने आर्सेनिक आम्ल वापरत आणि उरलेलं सांडपाणी बाहेर सोडत. १८६४ च्या सुमारास स्वित्झर्लंडच्या बाझल शहरात अशाच एका कारखान्याशेजारच्या विहिरी विषारी झाल्या आणि लोक आजारी पडले.

हे पुडीचे रंग जहाजांतून जगभर गेले. इराणच्या शहाने त्यांच्यावर बंदी घातली, पण ती गालिच्यांची अब्रू राखण्यासाठी. रंग उडतो, धुतला की पसरतो, ही तक्रार होती. अंगाला काय होतं, हा प्रश्न तिथे कोणी विचारला नव्हता. हिंदुस्थानातही इंग्रज कलासमीक्षक ॲनिलीनला नावं ठेवत होते, तीही भडकपणाबद्दल.

प्रश्न विचारला गेला तो मोज्यांमुळे. १८६० च्या दशकाच्या अखेरीस पॅरिसमध्ये ‘कोरालिन’ नावाच्या नव्या लाल रंगाचे मोजे घालणाऱ्यांच्या पायांवर फोड आले आणि अंब्रुआझ तार्द्यू या न्यायवैद्यकाच्या तज्ज्ञाने त्याचा पाठपुरावा केला. रंगवलेल्या वस्तूचा रंग अंगात उतरू शकतो, ही गोष्ट आता वैद्यकाच्या दप्तरी लागली.

मग जर्मनी. त्या काळात जगाची खेळणी जर्मनीत बनत. न्यूर्नबर्गचे कथलाचे शिपाई, झोनेबर्गच्या कागदाच्या लगद्याच्या बाहुल्या. झोनेबर्गभोवतीच्या खेड्यांत हे काम घरोघर चाले. आई साच्यात अंग दाबे, बाप रंग लावी, मुलं गालांवर लाली देत. त्याच देशात रंगांचे सर्वांत मोठे कारखानेही उभे राहत होते. १८७९ च्या अन्नविषयक कायद्यात जर्मन सरकारने खेळण्यांचा उल्लेख केला आणि ५ जुलै १८८७ रोजी खास आरोग्याला घातक रंगांसाठी वेगळा कायदा केला. त्याचं चौथं कलम खेळण्यांसाठी होतं आणि त्यात मुलांची चित्रपुस्तकं व पाण्यात कालवायचे रंगही धरले होते.

त्या कायद्याची यादी आजही वाचण्यासारखी आहे. अँटिमनी, आर्सेनिक, बेरियम, शिसं, कॅडमियम, क्रोमियम, तांबं, पारा, युरेनियम, जस्त, कथील. हे झाले धातू आणि त्यांचे सोबती. त्यापुढे तीन नावं येतात, गुमीगुट्टी, कोरालिन आणि पिक्रिक आम्ल. गुमीगुट्टी हा कोकमाच्या कुळातल्या आशियाई झाडाचा पिवळा चीक. चित्रकारांना तो प्रिय होता आणि वैद्य तो जालीम जुलाब म्हणून देत. कोरालिन म्हणजे त्या मोज्यांचा लाल. पिक्रिक आम्ल हा रेशीम पिवळं करणारा रंग, जो पुढे तोफगोळ्यांत स्फोटक म्हणून भरला गेला. एक झाडाचा आणि दोन प्रयोगशाळेतले, तिघेही एकाच ओळीत. कृत्रिम सेंद्रिय रंग नाव घेऊन मुलांच्या खेळण्यांतून हद्दपार करणाऱ्या सुरुवातीच्या कायद्यांपैकी हा एक. त्यात शहाणपणाच्या सवलतीही होत्या. काचेत किंवा मिन्यात भाजून बसवलेल्या रंगांना मुभा होती, कारण ते सुटून येत नाहीत. रंगात काय आहे हे महत्त्वाचं, तसंच त्यातलं किती बाहेर येतं हेही महत्त्वाचं, हा विचार त्या कलमात बीजरूपाने आहे. आजच्या सगळ्या चाचण्या त्यावर उभ्या आहेत.

पण १८८७ च्या यादीत फुक्सिन नव्हता.

फ्रँकफुर्टमध्ये लुडविग रेन नावाचे शल्यविशारद होते. १८९६ मध्ये माणसाच्या धडधडत्या हृदयाला टाके घालून त्यांनी वैद्यकाच्या इतिहासात नाव मिळवलं. त्याच्या एक वर्ष आधी, १८९५ मध्ये, त्यांनी जर्मन शल्यविशारदांच्या परिषदेत एक छोटी नोंद वाचली होती, ‘फुक्सिन कामगारांच्या मूत्राशयातील गाठी’ या विषयावरची. फुक्सिन बनवणाऱ्या पंचेचाळीस कामगारांपैकी तिघांना मूत्राशयाच्या गाठी झालेल्या त्यांनी पाहिल्या होत्या. हा आजार एरवी इतका विरळ की एका कारखान्यात तीन रुग्ण सापडणं हा योगायोग असू शकत नव्हता. कारखानदारांनी ते सहजासहजी मानलं नाही. जिनिव्हाच्या आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने यावर अहवाल काढेपर्यंत १९२१ उजाडलं. १९३८ मध्ये विल्हेल्म ह्यूपर यांनी अमेरिकेत कुत्र्यांवर प्रयोग करून दाखवलं की दोष बीटा-नॅफ्थिलअमाइन या कच्च्या मालाचा आहे. त्याच जातीचं दुसरं द्रव्य बेंझिडीन. दोन्हींना ‘ॲरोमॅटिक अमाइन’ म्हणतात, आणि त्यांच्यावरच रंगांचं सर्वांत मोठं घराणं उभं आहे. ते घराणं ॲझो रंगांचं.

ॲझो रंगाचं मर्म साधं आहे. दोन नायट्रोजन अणूंचा एक पूल आणि पुलाच्या दोन्ही टोकांना एकेक कार्बनी वलय. १८५८ मध्ये पीटर ग्रीस या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने या रसायनाची वाट दाखवली. हा गृहस्थ पुढे इंग्लंडमध्ये एका बिअरच्या कारखान्यात नोकरी करत होता. टोकं बदलली की रंग बदलतो, पिवळ्यापासून काळ्यापर्यंत. आजही जगातल्या कृत्रिम रंगांपैकी निम्म्याहून अधिक याच घराण्यातले आहेत. त्यांतले बहुतेक निरुपद्रवी आहेत, हेही स्पष्ट सांगायला हवं. अडचण पुलाची आहे. आतड्यातले जिवाणू आणि यकृतातली विकरं तो पूल तोडू शकतात. तुटल्यावर जी दोन टोकं सुटी होतात, त्यांत कधी कधी बेंझिडीन असतं. म्हणजे बाटलीतला रंग स्वतः शांत असला, तरी शरीरात गेल्यावर त्याच्यातून कारखान्यातला तोच जुना मारेकरी बाहेर पडू शकतो.

१९३० च्या दशकात जपानमध्ये दोन ठिकाणी याचा पुरावा मिळाला. ताकाओकी सासाकी आणि तोमिझो योशिदा यांनी एक ॲझो द्रव्य उंदरांना खाऊ घातलं आणि त्यांच्या यकृतात कर्करोग झाला. पाठोपाठ किनोसिता यांनी तेच ‘बटर यलो’बद्दल दाखवलं. नावाप्रमाणे हा पिवळा लोण्यात आणि मार्गारीनमध्ये घातला जात असे. लोक तो पावाला लावून खात होते.

महाराष्ट्राचा या रसायनाशी जुना संबंध आहे. १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठाने रासायनिक तंत्रज्ञानाचा विभाग सुरू केला, आजची माटुंग्याची आयसीटी. तिथले पहिले भारतीय संचालक के. वेंकटरामन हे रंगांचेच अभ्यासक. १९५२ पासून निघालेला त्यांचा ‘द केमिस्ट्री ऑफ सिंथेटिक डाइज’ हा ग्रंथ जगभरच्या रंगशाळांत वापरला गेला. पुढे ते पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे संचालक झाले. कल्याणच्या पट्ट्यात आणि गुजरातमध्ये वलसाडजवळ अतुलला रंगांचे कारखाने उभे राहिले. देश रंग आयात करणारा होता, तो निर्यात करणारा झाला.

म्हणूनच १९९४ मध्ये जर्मनीने बंदी आणली तेव्हा तिचा हादरा इथे बसला. अंगाला दीर्घकाळ लागणाऱ्या वस्तूंत, ज्यांचा पूल तुटून घातक अमाइन सुटतात असे ॲझो रंग नकोत, असा तो नियम होता. कपडे, चादरी, चामडं यांची निर्यात अडकू लागली. मार्च १९९७ मध्ये भारताच्या पर्यावरण मंत्रालयाने सत्तर ॲझो रंग हाताळण्यावर बंदी घातली. बेंझिडीनवर आधारलेल्या रंगांवर आधीच टाच आली होती. २००२ मध्ये युरोपीय संघाने बावीस अमाइनांची यादी कायम केली आणि किलोमागे ३० मिलिग्रॅमची मर्यादा घातली. त्यात कापडी आणि चामडी खेळणी नाव घेऊन आहेत. चिंध्यांची बाहुली, तिचा परकर, कापडी ससा.

२००५ मध्ये युरोपच्या खेळण्यांच्या ‘ईएन ७१’ या मानकाला सेंद्रिय रसायनांसाठी नवे भाग जोडले गेले. नवव्या भागात नको असलेल्या रंगांचा एक तक्ता आहे. त्यातली नावं कोरडी वाटतात. सॉल्व्हंट यलो २, सॉल्व्हंट यलो ३, बेसिक रेड ९. इतिहास माहीत असला की ती कोरडी राहत नाहीत. सॉल्व्हंट यलो २ म्हणजे किनोसितांचा बटर यलो. सॉल्व्हंट यलो ३ म्हणजे योशिदांच्या उंदरांना दिलेलं द्रव्य. आणि बेसिक रेड ९ हा फुक्सिनचाच एक घटक. फ्रँकफुर्टच्या त्या तीन कामगारांपासून बाहुलीच्या ओठांपर्यंत यायला त्याला एकशेदहा वर्षं लागली.

प्रयोगशाळेत आज जे चालतं ते पाहिलं तर गंमत वाटावी. तिथे सगळा खटाटोप बाळ होण्याचा असतो. गाळणकागदाची पट्टी कृत्रिम लाळेत भिजवतात, खेळण्यावर दाबून ठेवतात आणि दोन तासांनी पट्टीवर रंग उतरला का ते करड्या छटांच्या पट्टीशी ताडून बघतात. हे झालं तोंड. पोटासाठी वेगळी तऱ्हा. खेळण्यावरचा रंग पात्याने खरवडतात, अर्ध्या मिलिमीटरच्या चाळणीतून गाळतात, मग त्याच्या वजनाच्या पन्नास पट इतक्या सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात ३७ अंशांवर अंधारात तासभर हलवतात आणि तासभर निवांत ठेवतात. आम्ल जठराइतकं, ऊब अंगाइतकी. मग त्या पाण्यात किती शिसं, किती कॅडमियम, किती पारा उतरला ते मोजतात. कापडी बाहुलीचा तुकडा असेल तर तो ७० अंशांवर सोडियम डायथायोनाइटमध्ये घालतात. रंगारी त्याला ‘हायड्रोस’ म्हणतात आणि निळीचं पिंप लावायला तेच वापरतात. इथे ते आतड्याचं सोंग घेतं, ॲझोचा पूल तोडतं आणि सुटलेली अमाइन यंत्रावर मोजली जातात.

खेळणं घरी आणलं की ओल्या फडक्याने घासून बघायचं आणि रंग लागला तर परत करायचं, ही आज्यांची रीत त्या लाळेच्या पट्टीची सख्खी बहीण आहे. पण ती एकच कसोटी पाहते. लेड क्रोमेटचा पिवळा फडक्याला मुळीच लागत नाही. तो पक्का असतो, धुतला तरी जात नाही, आणि त्यात शिसं असतं. दुकानदार ‘पक्का रंग’ म्हणून ज्याची खात्री देतो तो पोटातल्या आम्लातही पक्काच राहील असं नाही.

शिशाची कथा वेगळी आणि जुनी. १९०४ मध्ये ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनच्या लॉकहार्ट गिब्सन या नेत्रवैद्याने दाखवलं की मुलांना होणारी शिशाची बाधा घराच्या व्हरांड्याच्या रंगवलेल्या कठड्यांतून येते. उन्हाने रंगाची भुकटी होते, ती हाताला लागते, मुलं बोटं चोखतात. क्वीन्सलंडने १९२२ मध्ये त्याविरुद्ध कायदा केला. अमेरिकेत शिशाच्या रंगाची खेळणी बंद व्हायला १९७८ उजाडलं. तरीही २००७ मध्ये एका बड्या अमेरिकी कंपनीने चीनमध्ये बनवून घेतलेली सुमारे पंधरा लाख खेळणी शिशामुळे जगभरातून परत मागवली.

त्यानंतर भारत जागा झाला. जानेवारी २००९ मध्ये चिनी खेळण्यांच्या आयातीवर सहा महिन्यांची बंदी आली. २०१९ मध्ये क्वालिटी कौन्सिल ऑफ इंडियाने बाजारातली आयात खेळणी तपासली, तेव्हा सुमारे ६७ टक्के नमुने नापास झाले. २५ फेब्रुवारी २०२० रोजी खेळण्यांच्या गुणवत्तेचा आदेश निघाला आणि १ जानेवारी २०२१ पासून आयएसआय चिन्हाशिवाय खेळणी विकणं बेकायदा ठरलं. ‘आयएस ९८७३’ मानकाचा तिसरा भाग आठ मूलद्रव्यं मोजतो. त्यात शिशाची मर्यादा किलोमागे ९० मिलिग्रॅम आहे, आर्सेनिकची २५. हिंगुळातला पारा, हरताळातलं आर्सेनिक आणि सफेद्यातलं शिसं, तिन्ही या एका भागात मोजली जातात.

या आदेशाला डिसेंबर २०२० मध्ये एक सवलत जोडली गेली. नोंदणीकृत हस्तकारागीर आणि भौगोलिक मानांकन मिळालेली खेळणी यातून वगळली गेली. ते योग्यही होतं. महिन्याकाठी चार टोपल्या माल काढणाऱ्या घराला प्रयोगशाळेचा खर्च झेपणारा नव्हता आणि परवान्याच्या ओझ्याखाली शतकांची कला मेली असती. पण सवलत कागदपत्रातून मिळते. बाळाची लाळ मानांकन पाहत नाही.

सावंतवाडीच्या चितारआळीत पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाची फळं होतात. केळी, सीताफळ, वांगी, मिरच्या, इतकी हुबेहूब की पाहुणा हात घालतो. तिथल्या गंजिफांची, म्हणजे खेळायच्या पत्त्यांची, जुनी रीत अशी की कापडावर चिंचोक्याची खळ, त्यावर पांढरी माती, वर चित्र आणि शेवटी लाखेचा हात. ती कला विझत आली होती तेव्हा शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी राजवाड्यातच कारागीर बसवून तिला जगवलं. आज चितारआळीत दुकानातून आणलेला डब्यातला रंगही वापरात आहे. १ नोव्हेंबर २०१७ पासून घरगुती आणि सजावटीच्या रंगांतही शिशाला ९० भाग प्रति दशलक्षची मर्यादा आहे, त्यामुळे असा डबा पूर्वीपेक्षा निर्धास्त झाला आहे. पाळण्याजवळ टांगायच्या फळाला आणि शोभेच्या टोपलीतल्या फळाला वेगळे रंग लागतात, एवढी जाण मात्र गिऱ्हाइकाने ठेवायला हवी, विचारायला हवं.

आंध्रात वराह नदीकाठच्या एटिकोप्पाका गावात हाच प्रश्न १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून सी. व्ही. राजू यांनी हाती घेतला. तिथली खेळणी अंकुडूच्या, म्हणजे आपल्या काळ्या कुड्याच्या, मऊ लाकडाची. राजूंनी पुडीचे रंग बाजूला ठेवून हळद, शेंद्री, नीळ आणि लाख यांच्यापासून लाखेत मिसळतील असे रंग पुन्हा बसवले. हे काम दिसतं तितकं सोपं नाही. वनस्पतीचा रंग पाण्यात सुटतो, लाख पाण्याला जवळ करत नाही, आणि वितळलेल्या लाखेच्या उष्णतेने रंग करपतो. २०१७ मध्ये एटिकोप्पाकाला भौगोलिक मानांकन मिळालं, २०२३ मध्ये राजूंना पद्मश्री.

राजूंच्या या कामाची एक बाजू फार बोलली जात नाही. लाख तापवून हाताने मळायची, त्यात रंगाची पूड घालायची, ओढून-दुमडून तिची कांडी करायची, मग फिरत्या लाकडावर ती दाबायची. घर्षणाने लाख वितळते, लाकडाला धरते, वर केवड्याचं पान फिरवलं की झळाळी येते. यात पूड बोटांना लागते, नाकात जाते, पाण्याच्या तांब्याला लागते. ईएन ७१ पासून आयएस ९८७३ पर्यंतच्या सगळ्या चाचण्या तयार खेळण्याच्या आहेत. कांडी मळणाऱ्या हातांची चाचणी त्यांत कुठेच नाही. एटिकोप्पाकात त्या हातांना लागते ती हळद.